विंध्याच्या पायथ्याने

माळव्याचे पठार दक्षिणेकडे जेथे एकाएकी संपते, तेथे विंध्याद्रीची कड लागते. वर काळी कसदार माती, गव्हा-सोयाबीनची शेते आणि मंद वारा; खाली निमाडचे तप्त मैदान आणि त्यातून वाहणारी नर्मदा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, तर महेश्वरचा घाट जेमतेम दीडशे मीटरवर. मोटारीने हे अंतर दोन-अडीच तासांत संपते आणि काही पाहिल्याचे समाधान न देताच संपते. आम्ही चार शिक्षक गेली काही वर्षे या कडेच्या आसपासच्या वाटा सुटीच्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी धावत आलो आहोत. चौघांचीही पन्नाशी उलटलेली असल्यामुळे आमच्या धावण्यास काही चेष्टेखोर मंडळी ‘घाईचे चालणे’ म्हणतात. त्याला आमची हरकत नाही. वाट पायांखालून गेली म्हणजे झाले.

या प्रदेशात धावण्याचा इतिहास जुना आहे. पेशवाईत पुणे, माळवा आणि दिल्ली यांना जोडून ठेवणारे होते ते जासूद, काशीद आणि हरकारे. जुन्या पत्रव्यवहारात जासुदाच्या जोडीचा आणि तिला द्यावयाच्या अजुऱ्याचा उल्लेख वारंवार येतो. दोघांना एकत्र पाठवावयाचे, म्हणजे वाटेत एकास काही झाले तरी पत्र पुढे जाते. पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांस १७६१ च्या जानेवारीत कळली ती माळव्यातच, भेलशाजवळ, एका सावकाराचे पत्र घेऊन जाणाऱ्या जासुदाकडून. भेलसे म्हणजे आजचे विदिशा. सरदारांची नावे इतिहासात राहिली. ज्यांच्या पोटऱ्यांवर ते राज्य उभे होते, त्या धावणाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत.

आमची पहिली वाट देवासची. इंदुरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या मध्यातच चामुंडेची टेकडी उभी आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी येथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये चालविली. एकाच गावात दोन राजवाडे आणि दोन दरबार! ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांकडे नोकरीस होते आणि त्या दिवसांवर त्यांनी १९५३ मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली.

टेकडीच्या पायथ्याने धावताना आम्हांस दरवेळी कुमार गंधर्वांची आठवण होते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा गायक १९४८ मध्ये क्षयाने ग्रस्त होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आला. काही वर्षे गाणे बंद होते आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडत गेली. त्यांतून पुढे त्यांनी नवे राग घडविले आणि आखूड श्वासातूनच आपली निराळी गायकी उभी केली. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे देहावसान झाले. टेकडीच्या पायऱ्या चढताना दम लागला की आमच्यापैकी कोणीतरी म्हणतो, “दोन फुप्फुसे आहेत, तक्रार कसली करता?” मग कोणी थांबत नाही.

दुसरी वाट महूची. या छावणीच्या गावाचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म येथेच झाला. वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. कोकणातल्या आंबडव्याचे एक घराणे लष्करी चाकरीच्या ओघात येथवर आले आणि छावणीतल्या एका घरात देशाची राज्यघटना घडविणाऱ्याचा जन्म झाला. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने जन्मभूमीच्या स्मारकापाशी दोन क्षण थांबून मगच पुढची वाट धरावी.

महूच्या जवळच जानापावची टेकडी आहे, उंची सुमारे साडेआठशे मीटर. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून लोक तिला मानतात आणि चंबळेचा उगमही येथलाच. मात्र आमची आवडती वाट आहे ती जाम घाटाची. महूहून मंडलेश्वराकडे जाणारा रस्ता सागाच्या रानातून वळणे घेत पठाराच्या अगदी काठावर येतो आणि तेथे एक भव्य दगडी दरवाजा उभा दिसतो. ना किल्ला, ना तटबंदी. नुसता दरवाजा, माळवा आणि निमाड यांच्या सीमेवरचा. अहिल्याबाई होळकरांनी तो बांधविला, काळ १७९१. वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिले की दरी खाली कोसळत गेलेली दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दूर नर्मदेची रुपेरी रेघही. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी येथे सहलींची एवढी गर्दी होते, की दरवाजापेक्षा भाजलेल्या कणसांच्या गाड्यांकडेच लोकांचे लक्ष अधिक. आम्ही जातो ते मार्गशीर्षात, दिवस उजाडण्याच्या सुमारास.

तेथेच एका पहाटे तो मुलगा भेटला. वय अठरा-एकोणीस, अंगात जुनी बनियन, पायांत झिजलेले कापडी बूट. घाटाच्या चढावर तो धावत वर येई, पुन्हा खाली जाई. हातात घड्याळ नव्हते. एक मित्र दरवाजापाशी मोबाइल धरून वेळ मोजीत उभा होता. सैन्यभरतीच्या परीक्षेत सोळाशे मीटर धावावे लागतात आणि साडेपाच मिनिटांच्या आत जो पोहोचतो त्यास पूर्ण गुण. हा मुलगा पाच मिनिटे चाळीस सेकंदांपर्यंत आला होता. अंतर कसे मोजलेस, असे विचारता त्याने सांगितले, “विजेचे खांब मोजून, सर. सपाटीचा रस्ता आहे, पण त्यावरून ट्रक जातात. म्हणून घाटात येतो.”

दहा सेकंद! आपल्या आयुष्यात दहा सेकंदांचे मोल काय? शाळेची घंटा तेवढ्याने पुढेमागे झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या मुलाच्या घरी मात्र त्या दहा सेकंदांवर बहिणीचे लग्न, विहिरीवरचे कर्ज आणि धाकट्याचे शिक्षण लटकलेले होते. २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, हेही त्यास ठाऊक होते. “चार तर चार, सर,” तो म्हणाला, आणि पुन्हा उताराला लागला.

त्यानंतर आम्हांस ही मुले सर्वत्र दिसू लागली. देवासच्या रस्त्याकडेला, धारच्या वेशीबाहेर, मंडलेश्वरच्या नदीकाठी. पहाटे साडेचार-पाचला, मोटारींच्या दिव्यांच्या झोतात, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून धावणारी. पोलीसभरतीसाठी आठशे मीटरचा सराव करणाऱ्या मुलीही आता त्यांत असतात, बहुधा भावाला किंवा बापाला सोबत घेऊन. मैदाने आहेत ती सरकारी शाळांची, आणि त्यांची फाटके कुलूपबंद! आमच्या शाळेचे फाटक आता पहाटे पाचला उघडते. मैदानावर चुन्याने दोनशे मीटरचा फेरा आखला आहे. आठ फेरे झाले की सोळाशे. पहिल्या आठवड्यात तीन मुले आली, आता तीसएक येतात. यासाठी कोणाकडे अनुदान मागावे लागले नाही. एक किल्ली लवकर फिरवावी लागली, एवढेच.

जाम घाट उतरून आपण मंडलेश्वरी येतो. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद येथेच झाला, अशी स्थानिक श्रद्धा. येथून नर्मदेच्या उत्तर तीराने महेश्वरपर्यंतची आठ-दहा किलोमीटरची सपाट वाट धावण्यास फार सुखाची. वाटेत परकम्मावासी भेटतात, त्यांत मराठी माणसे पुष्कळ. “नर्मदे हर” म्हटले की उत्तर येते आणि बोलीवरून गाव ओळखता येते: सांगली, नाशिक, बेळगाव. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची ही पारंपरिक परिक्रमा करणाऱ्यांपुढे आपली दहा किलोमीटरची धाव म्हणजे अंगणातला फेरा. महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आहे, गादी आहे, हातमागांचा खटखटाट आहे. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी येथून कारभार केला. वाड्याचा साधेपणा पाहिला म्हणजे सत्ता आणि डामडौल या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे पुस्तकाविना समजते.

तिसरी वाट धार आणि मांडवची. धार ही भोजराजाची नगरी आणि पुढे पवारांची. येथील पवार घराण्याचे यशवंतराव पानिपतावर पडले. धारच्याच किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. मराठेशाहीचा शेवटचा पेशवा माळव्याच्या मातीत जन्मला, ही गोष्ट धारच्या मुलांनाही सांगावी लागते. धारपासून मांडव पस्तीस किलोमीटर. सबंध अंतर धावण्याचा हट्ट नको. मांडवात पोहोचून जामी मशिदीपासून रूपमती मंडपापर्यंतची पाच-सहा किलोमीटरची वाट धरावी. वाटेत फुगीर बुंध्यांची आफ्रिकी झाडे दिसतात, त्यांस येथे खुरासानी इमली म्हणतात. रेवाकुंडानंतर चढ लागतो आणि मंडपाच्या गच्चीवरून पुन्हा तेच निमाडचे मैदान, तीच दूरची नर्मदा. कडा एकच; आपण तिच्या निरनिराळ्या खिडक्यांतून पाहत असतो.

ज्यांस या वाटा पायाखाली घालावयाच्या असतील, त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. फाल्गुनात पळस फुलतो तो पाहावाच, पण नऊच्या आत परतावे. निमाडचे ऊन वैशाखात चाळीस अंशांच्या वर जाते. पावसाळ्यात काळी माती बुटांस शेर-शेर चिकटते, म्हणून तेव्हा डांबरी रस्ता सोडू नये. घाट चढताना छाती भरते, उतरताना गुडघे बोलतात. उतारावर पावले आखूड टाकावीत. पाणी बरोबर असावे आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. मुख्य म्हणजे एकट्याने जाऊ नये. जासूदही जोडीनेच जात.

आपल्या घरांतील मुले आज पुण्यास, बंगळुरास आणि सातासमुद्रापार जातात. तेथे ती मॅरेथॉन धावतात आणि पदकांची छायाचित्रे धाडतात. आईबापांस त्याचा आनंद होतो, तो योग्यच आहे. ती दिवाळीस घरी आली की त्यांना एक दिवस जाम दरवाजापाशी न्यावे. बरोबर बुटांचा एखादा चांगला जोड आणि सेकंद मोजणारे घड्याळ असू द्यावे, तेथे धावणाऱ्या कोणातरी मुलासाठी. जे निवृत्त आहेत, त्यांनी आपल्या गावच्या शाळेच्या फाटकाची चौकशी करावी. पूर्वजांनी या भूमीत दरवाजे आणि घाट बांधले ते सर्वांसाठी. आपल्याला निदान कुलपे काढता येतील.

मराठी भाषेत संकटकाळी मदतीस येणाऱ्यास आपण ‘धावून आला’ असे म्हणतो आणि देवाला घातलेल्या हाकेसही ‘धावा’च म्हणतो. दोन शतकांहून अधिक काळ ज्या भूमीने आपणांस अन्न दिले, घर दिले, तिच्या पायथ्याशी पहाटेच्या अंधारात काही मुले धावत आहेत. त्यांच्यासाठी धावून जाण्यास वयाची अट नाही.