आमच्या घरची चित्रलेखा

उषेला स्वप्नांत दिसलेला तरुण कोण, हें कोणालाच सांगतां येईना. तेव्हां तिची सखी चित्रलेखा हिनें एकामागून एक राजपुरुषांचीं चित्रें काढलीं, आणि अनिरुद्धाचें चित्र पाहतांच उषेनें लाजून मान खालीं घातली. भागवतांतली ही कथा मीं मेहकरास तीस वर्षें मुलांना रंगवून सांगितली. चौसष्ट कलांत आलेख्याची गणना आहे, हेंहि मी अभिमानानें सांगत असें. परंतु माझी धाकटी बहीण चित्रकला शिकण्यासाठीं नागपुरास जाऊं इच्छिते असें कळतांच, वडिलांनीं कांहीं म्हणण्यापूर्वीं मींच म्हणालों, "रांगोळी काढतेस तेवढी पुरे." तिचा अर्ज मींच फडताळांत ठेवून दिला.

बी. प्रभा हें नांव तेव्हां मला ठाऊक नव्हतें. नागपूरजवळच्या बेला या गांवीं १९३३ सालीं त्यांचा जन्म झाला. म्हणजे त्या आपल्याच विदर्भाच्या. आधीं नागपूरच्या कलाशाळेंत व पुढें मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. विद्यार्थिदशेंतच त्यांचीं चित्रें डॉ. होमी भाभा यांनीं विकत घेतलीं. पुढें एअर इंडियानेंहि घेतलीं. शिल्पकार बी. विठ्ठल हे त्यांचे पति. २००१ सालीं निवर्तेपर्यंत त्या चित्रें काढीतच राहिल्या.

त्यांच्या चित्रांतील स्त्रिया बहुधा कोळणी किंवा खेड्यांतल्या कष्टकरी बाया. उंच, सडपातळ, लांब मानेच्या. जवळ टोपली, मासळी. त्या सुंदर आहेत, पण हंसत नाहींत. एका पुस्तकांत तीं चित्रें प्रथम पाहिलीं, तेव्हां फडताळाचें दार लावतांना पाहिलेला बहिणीचा चेहरा मला आठवला. तीहि रडली नव्हती. नुसती उभी होती.

आपल्या घरांत मुलीच्या कलेचें कौतुक होतें, तें पाहुण्यांसमोर. तिनें त्यासाठीं फी, परगांवीं राहणें आणि चार वर्षें मागितलीं, कीं आपणांस लग्न आठवतें.

गेल्या दिवाळींत माझ्या नातीनें कलाशाळेचा अर्ज माझ्यापुढें ठेवला. बहीण माहेरीं आली होती. तिनें तो कागद वाचला आणि शांतपणें विचारलें, "दादा, हा कोणत्या फडताळांत ठेवायचा?"

मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नातीबरोबर मी स्वतः नागपुरास गेलों. बहिणीलाहि चल म्हटलें. ती म्हणाली, "आतां माझे हात कांपतात, दादा. तिला घेऊन जा."