कोयनेचे पाणी आणि भुईचे हादरे

कराडहून पाटणची वाट धरली की पहिल्याने उसाचे फड लागतात. मल्हारपेठ मागे पडते, दोन्ही अंगांचे डोंगर जवळ येतात आणि पाटणपुढे भाताची खाचरे सुरू होतात. उत्तरेकडून येणारी कोयना हेळवाकपाशी काटकोनात वळून पूर्वेला कराडकडे जाते. या वळणाच्या वरच्या अंगाला १०३ मीटर उंचीचे धरण आणि त्यामागे शिवाजीसागर. पाणी सुमारे १०५ टीएमसी.

गेल्या कार्तिकात भाताच्या पीककापणी प्रयोगासाठी मी या भागातल्या एका वाडीवर गेलो होतो. काम आटोपून शेतकऱ्याच्या पडवीत चहा घेत होतो. इतक्यात फळीवरची भांडी खणखणली. मी कप टाकून अंगणात! घरातल्या आजी मात्र सूप पाखडत होत्या. म्हणाल्या, "बसा सायेब. एवढं-तेवढं हलतंच हितं."

अंगणात काळ्या दगडांची रास होती. आजींचा नातू नवे घर बांधणार होता. दगड घरचेच, माती शेतातली; भिंती चिखलात रचल्या की खर्च निम्म्यावर येईल, असा त्याचा हिशेब. आजींचे त्यावर एकच म्हणणे: "त्या दगडांच्या भिंती नकोत."

मग त्यांनी सांगितले. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, सव्वाचारचा सुमार. आजी तेव्हा नव्या सुनबाई. थंडी कडाक्याची. गाभण म्हैस बघायला त्या गोठ्यात गेल्या होत्या. "आधी घरघर आली, जमिनीच्या पोटातनं. मग उभंच राहता येईना. गोठा कुडाचा, तो डुलला पण पडला न्हाई. घर दगडाचं, ते बसलं. सासूबाई भिंतीकडंला निजल्या हुत्या." पुढे त्या बोलल्या नाहीत. रास त्याच घराच्या दगडांची होती.

त्या भूकंपाची तीव्रता ६.३ होती. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरातली बहुतेक घरे पडली. धरणाला तडे गेले. पण धरण टिकले आणि पुढे त्याला मागून आधार देऊन ते मजबूत करण्यात आले.

नातवाने मला विचारले, "साहेब, पाण्याच्या वजनानं जमीन हलते म्हणतात, खरं का?" मीही पूर्वी तसेच सांगत असे. पण ते अर्धेच खरे आहे. भाताच्या खाचराचा बांध घ्या. कोरडा असताना तो ताठ उभा असतो. पाणी मुरले की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि उतारावरचा बांध खचतो. कोयनेच्या खाली सुमारे एक किलोमीटर काळा पाषाण आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक आहे. त्यात जुन्या भेगा आहेत. त्यांच्या दोन बाजू ताणाखाली घट्ट दाबून बसलेल्या असतात. तलाव भरला की वजन पडतेच, शिवाय पाण्याचा दाब भेगांतून खोलवर पोचतो आणि त्यांची पकड सैल होते. ताण मूळचाच असतो, पाणी त्याला निमित्त होते.

म्हणूनच १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यावर येथे लहान धक्के जाणवू लागले आणि पाच वर्षांनी तो मोठा भूकंप झाला. शेजारच्या वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठले, आणि १९९३-९४ मध्ये तिकडेही पाच तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. आफ्रिकेतील करिबा (१९६३) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या तलावांपाशीही सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. कोयनेच्या खोऱ्यात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर घेऊन शास्त्रज्ञांनी खडकाचा अभ्यास चालवला आहे. मात्र जगातल्या बहुसंख्य मोठ्या धरणांपाशी असे काही घडत नाही. तेव्हा आपल्या शेततळ्याची किंवा पाझर तलावाची भीती कोणी धरू नये.

भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता होईल, हे आजही कोणी सांगू शकत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र सांगता येते. चिखलात रचलेली जाड दगडी भिंत हादऱ्याने आतून-बाहेरून सुटते आणि वरचे जड छप्पर घेऊन बसते. दगडच वापरायचा तर सिमेंटमध्ये बांधावा, भिंतीच्या पूर्ण रुंदीचे आरपार दगड जागोजागी घालावेत, कोपरे नीट सांधावेत. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवावा. छप्पर हलके असावे. धान्याची पोती माळ्यावर चढवू नयेत, दाराच्या वाटेतही रचू नयेत.

पट्ट्याचा खर्च ऐकून नातू गप्प झाला. म्हणाला, "यंदा भाताचे पैसे येऊ द्या, मग बघू."

फाल्गुनात पुन्हा त्या वाडीवर जाणे झाले. भिंती माथ्यापर्यंत आल्या होत्या आणि वर पट्ट्याच्या सळया बांधणे चालू होते. एक खोली कमी केली होती. जुने दगड सगळे जोत्याला लागले होते. आजी त्या जोत्यावर बसून राबणाऱ्या गवंड्यांना पाणी देत होत्या.