रिले टक् करतो तेव्हा

निफाडला पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि जुन्या डिझेल जीपा संपावर जातात. यंदा आमचीही गेली. हीटरचा दिवा लागायचा, पण इंजिन नुसतं घरघरायचं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं. कडाक्याच्या थंडीत ती उष्णता पुरत नाही, म्हणून हीटर प्लग आधी तापवायचे. चार प्लग मिळून खेचतात तो करंट किल्लीच्या स्विचला झेपणारा नाही. म्हणून मध्ये रिले.

गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितलं, "चारही प्लग बदला, साहेब." हे आवडतं निदान, कारण बिल मोठं होतं. मी आधी मल्टिमीटर काढला. आमच्या रिलेच्या पायांजवळ आकडे होते: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरी, ८७ वरून प्लगकडे. कॉइलला १२ व्होल्ट दिले. टक् आवाज आला. बरेच जण इथेच समाधान मानतात. आवाजाने कळतं ते इतकंच, की कॉइल जिवंत आहे. ३० आणि ८७ यांच्यामध्ये मात्र मीटर वाजेना. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे झाले होते.

पॉलिश पेपरने घासून चालवणारे महाभाग आहेत. मला ते पटत नाही. घासलेला कॉन्टॅक्ट पुन्हा लवकर जळतो.

नवा बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आणि दुकानदार दिसायला तसाच हॉर्नचा रिले पुढे करील; जुन्यावरचे अँपिअर नव्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.