सोडायचा की शिजवायचा

न्यू जर्सीत आल्यावर वाटतं, बास हा मासा इथला मूळ रहिवासीच असणार. दुकानांच्या पाट्यांवर तो, टोप्यांवर तो, पिकअप ट्रकांच्या मागच्या काचेवर तोंड वासून पाण्याबाहेर झेपावणाराही तोच. पण लार्जमाउथ बासचं खरं घर मिसिसिपीच्या खोऱ्यात, ग्रेट लेक्सच्या बाजूला आणि दक्षिणेकडच्या राज्यांत. इथल्या तळ्यांत त्याला माणसांनी आणून सोडलं, तेही एकोणिसाव्या शतकात. त्याच्या भावकीतल्या स्मॉलमाउथचा प्रवास तर ऐकण्यासारखा आहे. १८५४ साली ओहायोच्या खोऱ्यातले थोडे मासे रेल्वे इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगर ओलांडून आणले आणि पोटोमॅक नदीच्या काठच्या कालव्यात सोडले. तिथून ते नदीभर पसरले. मीही इथे बाहेरूनच आले, पण ही तुलना इतकी आयती आहे की करवत नाही. माशाला व्हिसा लागला नव्हता आणि त्याला कोणी विचारूनही आणलं नव्हतं.

मी गळ टाकते ती तळीसुद्धा माणसांनी केलेली. प्रिन्स्टनचं कार्नेगी लेक १९०६ साली झालं, अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून, विद्यापीठातल्या मुलांना वल्ही मारायचा सराव करता यावा म्हणून. आइनस्टाइन तिथे शिडाची होडी घेऊन यायचा. मर्सर लेक त्याहून बरंच अलीकडचं. तिथेही पहाटे वल्हेकऱ्यांच्या लांबोळक्या होड्या सरसरत जातात आणि काठावर आम्ही दोरी आखडून उभे. वल्हेकऱ्यांना आम्ही अडथळा वाटतो, आम्हाला ते. दोघंही नमस्कारापुरते हात हलवतो.

मासेमारीचा नाद मुलाला होता. शाळेतल्या मित्रांमुळे त्याने रॉड घ्यायला लावला, मग कॉलेजला गेला आणि रॉड गॅरेजमध्ये राहिला. तो मी उचलला. माझं माहेर चिपळूणजवळचं. वाशिष्ठीवर मामा गरवायला जायचा तेव्हा गांडुळांचा डबा धरायचं काम माझं. गरी पाण्यात टाकायची मात्र पुरुषांनी आणि पोरग्यांनी. बायकांनी मासे विकावेत, निवडावेत, शिजवावेत, पण काठी हातात धरून नुसतं बसून राहणं म्हणजे बाईच्या जातीला रिकामपण. ते रिकामपण मला न्यू जर्सीत, पन्नाशीजवळ मिळालं.

गरवणं आणि बासमागे लागणं यांत फरक आहे. गांडूळ लावून बसलं की मासा आपल्याकडे यायची वाट बघायची. बासला शोधावं लागतं. तो दबा धरून शिकार करतो, म्हणून उघड्या पाण्यात फारसा भेटत नाही. पडलेलं झाड, कमळपानांची कड, धक्क्याखालची सावली, पाणवेल संपून खोल पाणी सुरू होतं ती रेघ, अशा जागा त्याच्या. आमिष बहुतेकदा रबराचं, गांडुळाच्या आकाराचं. गळाचं टोक त्या रबरातच खुपसून ठेवायचं म्हणजे वेलीत अडकत नाही. याला टेक्सास रिग म्हणतात. कंटाळा आला की मी वॅकी रिग बांधते. त्यात गळ गांडुळाच्या बरोबर मधोमध टोचायचा आणि काहीही न करता ते पाण्यात बुडू द्यायचं. दोन्ही टोकं थरथरत खाली जातात. बहुतेक मासे मला या काहीही न करण्याच्या वेळातच लागले आहेत. हे मी नवशिक्यांना सांगते, पण कोणाचा विश्वास बसत नाही. प्रत्येकाला आमिष नाचवायचं असतं.

बास चावत नाही. तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढून घेतो. खोटं वाटलं तर तितक्याच झटक्यात थुंकून टाकतो. आपल्या हाताला कळतं ते फार थोडं. गर्दीत मागून कोणी पदर हलकेच ओढावा तेवढंच. तेवढ्यावर निर्णय घ्यायचा. घेतला तर पुढचं मिनिटभर दोरी सरसर कापत जाते, मासा तळाकडे घुसतो, मग अचानक वर येऊन डोकं झटकत उडी मारतो. काठाशी आल्यावर त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलतात. जबड्यावर सुईसारखे दात नसतात, घासणीसारखा खरखरीत पट्टा असतो. दिवस चांगला गेला तर अंगठ्याची कातडी सोलवटलेली असते. अशा अंगठ्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिटिंगला बसण्याचा मला थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

आणि मग मासा सोडून देते.

हे आईला कधीच पटलं नाही. फोटो पाठवला की तिचा पहिला प्रश्न, “केवढ्याचा असेल गो?” आणि सोडला म्हटलं की, “म्हणजे? नुसता त्रास दिलास त्याला?” यावर माझ्याकडे ठरलेली उत्तरं होती. इथे सगळे सोडतात. तळ्यात मासा टिकला पाहिजे. ही पद्धत तरी कुठे फार जुनी आहे? अलाबामातला एक विमा एजंट, रे स्कॉट, याने १९६७ मध्ये बासच्या स्पर्धा सुरू केल्या, पुढच्या वर्षी बासवाल्यांची संघटना काढली, आणि १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासे जिवंत ठेवून परत पाण्यात सोडायचा आग्रह धरला. लाखो अमेरिकनांची सवय त्याने बदलली. त्याच्या आधीचा हिशोब सरळ होता. लार्जमाउथचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या जॉर्जियातल्या तरुण शेतकऱ्याचा, २ जून १९३२, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त. मंदीचे दिवस होते. मासा तोलून झाला आणि घरच्यांनी शिजवून खाल्ला. आज कोणी विक्रमी बास खाल्ला तर लोक त्याला वाळीत टाकतील. आईला पेरीचं मात्र लगेच पटलं. “शहाणा माणूस,” म्हणाली.

सोडण्यामागे एक कमी उदात्त कारणही आहे. या राज्यातल्या बासमध्ये पारा असतो. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या धुरातून तो हवेत जातो, पावसाबरोबर तळ्यात उतरतो, तळाच्या गाळातले जीवाणू त्याचं विषारी रूप करतात. मग छोट्या माशातून मोठ्या माशात साठत तो बासपर्यंत पोहोचतो, कारण तळ्यातल्या खाणाऱ्यांच्या रांगेत बास सगळ्यात वर. बास किती आणि कोणी खावा, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी काय टाळावं, याचे सरकारी सल्ले निघतात. म्हणजे आम्ही मासा पाण्यात सोडतो तेव्हा त्याला जीवदान देतो की आपलंच पोट वाचवतो, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही खरं वाटतं, आणि पहिल्याचंच कौतुक सगळे करतात याची गंमत वाटते.

आईच्या “नुसता त्रास” या शब्दांनी मला खरं अस्वस्थ केलं ते वसंतात. पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत तापलं की बासचे नर काठाजवळ उथळ पाण्यात येतात. शेपटीने गाळ झाडून ताटाएवढी, कधी परातीएवढी जागा स्वच्छ करतात. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. पुढचं सगळं नर बघतो. अंड्यांवर गाळ बसू नये म्हणून परांनी वारा घालतो, पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांच्या काळ्या ढगाभोवती घिरट्या घालतो. या काळात तो धड खातही नाही. चष्म्याला पोलराइज्ड काचा असल्या की काठावरून हे सगळं स्पष्ट दिसतं. आजूबाजूला सनफिश जातीचे छोटे मासे टपलेले असतात. बाप दोन हात दूर झाला की ते अंड्यांवर तुटून पडतात.

अशा बापापुढे रबरी गांडूळ टाकलं तर तो ते धरतो. भुकेने नव्हे. घरट्यात आलेलं काहीतरी उचलून बाहेर फेकायचं असतं म्हणून. आपण त्याला वर काढतो, फोटो घेतो, तोलतो, सोडतो. तो परत जातो, पण तोवर मागे अर्धं घर लुटलेलं असतं. आणि लुटालूट फार झाली तर तो ते घरटंच टाकून देतो. न्यू जर्सीचा नियम असा की १५ एप्रिल ते १५ जूनपर्यंत धरलेला प्रत्येक बास लगेच सोडायचा. एरवी बारा इंचांवरचे, दिवसाला पाच ठेवता येतात. नियम चांगल्या हेतूने केला आहे, पण ‘सोडा’ म्हणतो, ‘धरू नका’ म्हणत नाही. आणि मोठे मासे दिसायचे दिवस नेमके तेच.

इलिनॉयमध्ये रिज लेक नावाचं एक छोटं तळं आहे. तिथे शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात प्रत्येक पकडलेल्या बासची नोंद ठेवायला सुरुवात केली. मासा धरला की खूण करायची, सोडायचा. एक मासा पहिल्या दोन दिवसांत तीनदा लागला, दुसरा एकाच वर्षात सोळा वेळा. पुढे तळं रिकामं केलं तेव्हा कधीच न लागलेले मासेही निघाले, दोनशेच्या आसपास. मग सतत लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांची वेगवेगळी पिढी वाढवली, तिची पुढची, तिचीही पुढची. गळाला लागण्याची खोड वंशात उतरते, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरचं काम मला जास्त खटकलं. जे नर गळाला लवकर लागतात तेच घरटं जास्त नेटाने राखतात. म्हणजे आपण काठावरून जो निवडून काढतो तो मूर्ख मासा नसतो, बाप म्हणून उजवा असतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं तर तळ्यात उरायचे ते भित्रे आणि निष्काळजी. आमच्यासारख्या छंदिष्टांनी ‘इथे हल्ली मासा लागत नाही’ म्हणून कुरकुरताना हे ध्यानात घ्यायला हवं.

कोकणात तरी आम्ही कुठे शहाणे होतो? पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे मासे अंड्यांनी भरलेले असतात, आणि नेमके तेच आम्ही टोपल्या भरभरून आणायचो. चढणीच्या माशांची चव आजही जिभेवर आहे, आणि नदीत आता ते पूर्वीसारखे राहिले नाहीत हेही गावाला ठाऊक आहे. समुद्राला निदान जून-जुलैची बंदी आहे, ओढ्याला नाही. पण तिथे कोणी मासा धरून त्याच्याबरोबर फोटो काढत नव्हतं आणि आपण निसर्गप्रेमी आहोत असंही म्हणत नव्हतं.

डेलावेअर नदीच्या खालच्या अंगाला भरती-ओहोटीचं पाणी शिरणारे ओढे आहेत. तिथे एकदा शेजारच्या माणसाच्या दोरीला काळपट, लांब, सापासारख्या डोक्याचा मासा आला. मी ओरडलेच, मरळ! आपली नव्हे, तिची चिनी चुलत बहीण, नॉर्दर्न स्नेकहेड. इथे हिला परत पाण्यात सोडता येत नाही, मारूनच टाकायची. बाहेरून आलेली, स्थानिक मासे खाणारी, ओलावा असला तर पाण्याबाहेरही तग धरणारी. हेच गुण महाराष्ट्रात तिची किंमत वाढवतात. बाजारात मरळ जिवंत विकली जाते ती हवेतून श्वास घेते म्हणूनच. आणि पिल्लं राखण्यात ती बासच्याही पुढे. नर-मादी दोघंही पिल्लांच्या थव्याखाली पहारा देतात. म्हणजे बाहेरून आलेला आणि पोरं जपणारा एक मासा इथे सोडायचा, आणि बाहेरून आलेला, पोरं जपणारा दुसरा मासा मारायचा. जपानमध्ये बिवा सरोवरावर हाच नियम बासला लागतो. तिथे तो परका, म्हणून धरलेला बास पाण्यात परत टाकायला २००३ पासून मनाई. पेरीच्या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये झाली तीही त्याच सरोवरात. त्या शेजाऱ्याने माशाचं काय करायचं म्हणून मला विचारलं, तेव्हा मी इथल्याच एका नागपूरकर मैत्रिणीला फोन लावला. ती चाळीस मिनिटांत बर्फाची पेटी घेऊन हजर.

मासेमारी सोडावी असं मला वाटलं नाही. रॉड हातात नसता तर मी तळ्याकडे इतका वेळ बघितलंच नसतं. घरटी, सनफिशची टेहळणी, कमळपानांखालची हालचाल, हे सगळं गळ टाकण्याच्या निमित्ताने कळलं. पण वसंतात मी आता उथळ काठाला जात नाही. जवळच्या एका कालव्यावर जाते आणि सनफिश धरते. गळाला गांडूळ, खरंखुरं, आणि मामासारखी नुसती बसते. ब्लूगिल, पंपकिनसीड, तळहाताएवढे. अंगाने लहान, त्यामुळे पाराही बासपेक्षा कमी. हे मात्र घरी आणते. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावायचं आणि रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत करायचे. चव गोडसर, काटे बारीक, खाताना जपून.

परवा आईने व्हिडिओवर ताट बघितलं. “डोकी कुठायत?”

टाकली म्हटलं.

“अगो, कालवण कशाचं करायचं मग? अमेरिकेत राहून अगदीच उधळी झालीस.”

पुढच्या खेपेला डोकी ठेवली. कालवण बरं झालं, तिरफळं मिळाली असती तर आणखी बरं झालं असतं.