लाकडी बैलाचा खांदा

विदर्भात पोळा दोन दिवसांचा. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा मोठा पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद लागला की, पोरांचा तान्हा पोळा. चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत मुले दारोदार बोजारा मागतात, चौकात बैलांची रांग लागते, सजावटीला आणि वेशभूषेला बक्षिसे मिळतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी ही प्रथा सुरू केली असे सांगतात. मुलांना बैलाचे मोल कळावे, हा हेतू. हेतू चांगलाच, पण लाकडाच्या बैलाकडून मूल शिकते काय? शिंगांना बेगड लावावी, पाठीवर झूल घालावी, गळ्यात घुंगरमाळ बांधावी. ही सगळी माणसाची हौस. लाकूड दमत नाही, त्याला माशा त्रास देत नाहीत, आणि कितीही ओढले तरी ते मान झटकून ‘पुरे’ म्हणत नाही. प्राण्यांवरच्या प्रेमाचे आपले बरेचसे शिक्षण असे चाकांवरचे आहे.

खरा धडा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीच होऊन गेलेला असतो आणि त्याला बक्षीस नसते. खांदेमळणी त्याचे नाव. बैल धुऊन आणतात, जू जिथे टेकते त्या खांद्याला हळद आणि लोणी, नाहीतर तूप, चोळतात, आणि उद्याच्या जेवणाचे आवतण बैलाला देतात. जू वर्षभर त्याच जागी घासते. तिथले केस झडतात, कातडी निबर होते, कधी खांदेसूज येते. डोळ्यांना न दिसणारी सूज तळहाताला कळते: एका ठिकाणी ऊन लागते, आणि तिथे हात गेला की कातडी थरथरते, कान मागे जातात, बैल एक पाऊल सरकतो. दया ही मनात भरायची भावना आहे असे आपण धरून चालतो. मला ती आधी हाताची आणि डोळ्यांची सवय वाटते. समोरच्या जिवाला कुठे दुखते हे ओळखता येत नसेल, तर नुसत्या कळवळ्याचा त्याला उपयोग नाही.

उपयोग तर नाहीच, कधी अपायही होतो. नागपंचमीचेच पाहा. साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. म्हणून विषदंत उपटलेला साप आधी तहानेने व्याकूळ ठेवायचा, म्हणजे पुढे येईल त्यात तो तोंड घालतो. वाटी पुढे करणाऱ्या घराची श्रद्धा खरी असते, हाल होतात ते सापाचे. तिथे उणीव प्रेमाची नाही, माहितीची आहे.

कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. १९७६ साली राज्यघटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक आहे. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला निर्दयपणे मारल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो १० ते ५० रुपये. एवढ्यात आता चहा-भजीही होत नाहीत! दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्याला पेरणी साधायची त्याला हे लाड परवडत नाहीत, आणि खांदेमळणी तरी कशासाठी, तर बैल उद्या औताला धड चालावा म्हणून. खरे आहे, हात खांद्यापर्यंत नेला तो स्वार्थानेच. पण एकदा तिथे पोचलेला हात स्वार्थाला लागते त्याहून जास्त शिकून येतो. त्याच बैलाला वेसण आहे, तुतारीची टोचणी आहे, आणि थकल्यावर बाजारही आहे, हे मी नाकारत नाही. मुलापासूनही ते लपवू नये. ‘मागच्या पोळ्याचा ढवळ्या कुठे गेला?’ असे पोराने विचारले, तर ‘मामाच्या गावाला’ हे उत्तर फार वाईट.

आणि शहरात? ट्रॅक्टर आल्यापासून खेड्यातलेच गोठे रिकामे होत चालले, तिथे फ्लॅटमधल्या पोराने खांदा कुणाचा चोळावा? पण स्कूटरच्या सावलीत निजलेले कुत्रे शहरातही आहेच. मूल त्याच्याकडे धावते तेव्हा मोठी माणसे दोनच वाक्ये बोलतात. ‘जवळ जाऊ नको, चावेल,’ नाहीतर ‘लाव हात, काही करत नाही.’ रेबीजची भीती खरी असल्याने पहिल्याला हसता येत नाही. पण दोन्ही वाक्यांत कुत्रे काय म्हणते आहे याची चौकशीच नाही. ते तोंड फिरवते, ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, शेपूट पोटाशी घेते. या खुणा पाच वर्षांच्या मुलाला अक्षरांइतक्याच सहज वाचता येतात, दाखवणारा हवा. त्या वाचता आल्या की हात मागे घेणे हा त्याला धाक वाटत नाही, आणि चावा टळण्याची शक्यताही वाढते.

तान्हा पोळा बंद करा असे म्हणणे अरसिकपणाचे होईल. परीक्षकांनी एवढेच करावे: बेगड आणि झूल पाहून झाली की बैल ओढणाऱ्या मुलाला विचारावे, जू कुठे टेकते ते बोटाने दाखव. बरीच मुले शिंगांवर बोट ठेवतील, काही पाठीवर. लाकडी बैलाच्या अंगावर तशी खूण नसतेच. खांद्यावरही रंग बाकीच्या अंगासारखाच, गुळगुळीत.