दवाखान्यातून आलेली मनी

आर्णीसारख्या गावात जनावरांचा दवाखाना म्हणजे आधी गुरांचा दवाखाना. आवारात लोखंडी खोडा, खोड्यात उभा बैल, कडेला बांधलेल्या शेळ्या आणि कुणाच्या तरी मागे आलेलं एखादं कुत्रं. माझी सगळी उमर याच कामात गेली. अरुणावतीकाठच्या खेड्यातला बैल सुई टोचताना खोडा हलवून सोडतो आणि संध्याकाळी त्याच धन्याने ढेप पुढे केली की मुकाट्याने खातो. कळपाचं जनावर ते. ओळखीचं माणूस शेजारी असलं की त्याला निम्मा धीर येतो. मांजराचा धीर माणसापेक्षा जागेत जास्त असतो. घरातून उचललं की तो तिथेच सुटतो.

म्हणून नसबंदीनंतर चार दिवसांनी एखादी बाई येऊन विचारते, "डाक्टर, मनी माह्याजवळ येतच नाही. काऊन असं करून राह्यली?" तेव्हा मी आधी विचारतो, घरी नेल्यावर तिला पुसलं का? उत्तर बहुतेक वेळा हो असंच येतं. दवाखान्याचा वास जावा म्हणून ओल्या फडक्याने पुसलेलं असतं, खोलीत फिनाईल फिरवलेलं असतं. मांजराच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर गंधग्रंथी असतात. चौकटीला, कोठीच्या कोपऱ्याला, आपल्या पोटरीला गाल घासून ते घरभर आपला वास ठेवत असतं. परत येताना त्याच्या अंगाला स्पिरिटचा आणि कुत्र्यांचा वास असतो, आणि त्यातच घराची जमीनही फिनाईलने परकी झालेली. घरात दुसरं मांजर असेल तर तेही सख्ख्या बहिणीवर फिसकारतं. फिनाईल तर मांजराला विषारीच. पाय चाटताना ते पोटात जातं. तेव्हा धुणं-पुसणं नको. तिची जुनी गोधडी न धुता खाली घालावी. दोन मांजरं असतील तर त्यांना काही काळ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून अंथरुणांची अदलाबदल करावी.

बसस्टँडकडच्या एका घरी टाके बघायला गेलो होतो. मनी पत्र्याच्या कोठीमागे. सून हात घालून तिला ओढत होती, सासू दुधाची वाटी सरकवत होती, पोरं वाकून वाकून हाका मारत होती. सगळी माया खरी होती, पण कोठीमागून ती चढाईसारखीच दिसत असणार. मी सगळ्यांना अंगणात पाठवलं आणि भिंतीला टेकून, तिच्याकडे पाठमोरा नाही पण तिरका बसलो. बाहुल्या मोठ्या झालेल्या, कान आडवे पडलेले, मिशा गालाला चिकटलेल्या, शेपूट पोटाखाली. बराच वेळ काही हललं नाही. मग आधी एक कान माझ्याकडे वळला, अंग तसंच. मग तिने खांदा चाटायला घेतला, तेव्हा मला बरं वाटलं. मी एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरून ठेवलं. मान लांबवून तिने ते हुंगलं आणि गाल घासला.

सगळं कसब पुढच्या क्षणात आहे. गाल लागला की आपला हात आपसूक पाठीवरून फिरायला निघतो. तो आवरायचा. गालावरून एकदा खाजवून हात मागे घ्यायचा, आणि अजून हवं का ते तिला ठरवू द्यायचं. डोळे रोखून बघण्याऐवजी सावकाश मिटून उघडावेत. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की अशा माणसाला मांजरं तशीच डोळे मिचकावून प्रतिसाद देतात, आणि अनोळखी हाताजवळही अधिक येतात.

मात्र वाट बघण्यालाही हद्द आहे. मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर रुसवा समजून थांबू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेतू शकतं. बोका मुतायला बसून कुंथतोय आणि थेंब येत नाही, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. आणि दुखतंय म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही.

गोळी द्यायचीच असेल तर शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाने, आणि जेवणाच्या जागेपासून लांब द्यावी. ज्या हाताने ती जेवते त्या हाताकडे बघून तिला पळावंसं वाटू नये.

पिंजऱ्याबद्दल मी अगदी हट्टी आहे. लोक तो धुऊन माळ्यावर टाकतात. मग वर्षभराने रेबीजच्या लसीला तो खाली उतरला की मनी पलंगाखाली. तो घरातच, दार उघडं ठेवून, गोधडी घालून पडू द्यावा. कधी आत सुकटीचे दोन तुकडे टाकावेत. वरचं झाकण निघणारा पिंजरा घेतला तर फारच उत्तम. तपासताना मांजराला ओढून बाहेर काढावं लागत नाही, ते खालच्या अर्ध्या भागात आपल्याच गोधडीवर बसून राहतं आणि मी तिथेच सुई देतो.