फाट्याचा वाटा

अमरावती ते अकोला हा महामार्ग वर्षानुवर्षं रखडलेला होता. खड्डे चुकवत मूर्तिजापूर गाठायचं म्हणजे अंगाचा खुळखुळा व्हायचा. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर एका पदराचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. चांगला रस्ता ही आमची कितीतरी वर्षांची मागणी होती.

पण रस्ता सुधारला तशा गाड्या सुसाट सुटल्या. वेळ वाचला तो अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्याचा. ज्याचं घर महामार्गाच्या एका अंगाला आणि वावर दुसऱ्या अंगाला, त्याला रस्ता फक्त ओलांडायचा असतो.

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एका फाट्यावर बसची वाट पाहत उभा होतो. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी दुभाजकापाशी थांबली होती. भारा दोन्ही हातांनी धरलेला, त्यामुळे मान वळवून नीट पाहताही येत नव्हतं. ती पाऊल पुढे टाकायची, हॉर्न ऐकून मागे घ्यायची. कशीबशी अलीकडे आली तेव्हा म्हणाली, “गाडी कवा येते अन् कवा जाते, समजूच देत नाही बाप्पा!”

तिचं म्हणणं हिशेबानेही खरं आहे. दोन पदरांची रुंदी सुमारे सात मीटर. भारा घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती ओलांडायला सात सेकंद तरी लागतात. ताशी शंभरच्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात जवळपास दोनशे मीटर कापते. म्हणजे म्हातारी पाऊल उचलते तेव्हा जी गाडी तिला दूर ठिपक्यासारखी दिसते, तीच तिच्यासाठी जीवघेणी असते.

वेगमर्यादा ओलांडणाऱ्या गाडीला दंड होतो, आणि व्हायलाच हवा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगासाठी हलक्या वाहनाला १ ते २ हजार आणि मध्यम व अवजड वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड आहे. स्पीडगनने वेग टिपला की मालकाच्या मोबाइलवर ई-चालान येतं. पुतण्याने मला असं एक चालान दाखवलं होतं. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, वेग आणि फोटो, सगळं चोख. पैसे भरले की ते राज्याच्या तिजोरीत जमा होतात. ज्या ठिकाणाचं नाव चालानवर छापलेलं असतं, त्या ठिकाणाला मात्र त्यातलं काही येईलच असं नाही.

इथला पैसा दुसरीकडे जाण्याचं दुखणं वऱ्हाडाला नवं नाही. १९०२ च्या करारानुसार इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर. कापूस पिकवणाऱ्याला त्या सौद्यात कोणी विचारलं नाही. पुढे अनुशेष हा शब्द आमच्या बोलण्यात इतका रुळला, की शाळकरी पोरालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून दंडाच्या पैशाचा प्रश्न मला नुसत्या जमाखर्चाचा वाटत नाही. ज्याने धोका सोसला त्याचा त्या पैशावर पहिला हक्क आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

गावाला ही रीत ठाऊक आहे. मोकाट ढोरं पिकात शिरली की कोंडवाड्यात जायची आणि मालकाला पैसे भरून ती सोडवावी लागायची. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे कोंडवाड्याची फी ग्रामनिधीतच जमा होते. नासधूस गावात झाली, तर पैसाही गावाच्या कामी यावा, इतकं ते सरळ आहे. मोकाट बैलाला जो न्याय लावला, तो मोकाट मोटारीला का लावू नये?

वरच्या पातळीवरही हा विचार झालेला आहे. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ ला निकाल दिला. प्रत्येक राज्याने रस्ता सुरक्षा निधी उभारावा आणि वाहतूक दंडाचा काही भाग त्यात घालावा, असं त्यात सांगितलं आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समित्याही त्याच निकालाने बंधनकारक झाल्या. फ्रान्समध्ये तर दंडाच्या रकमेतला वाटा स्थानिक संस्थांकडे जातो. दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांना तो जिल्हा परिषदेसारख्या मंडळामार्फत रस्ता सुरक्षेच्या कामांसाठी मिळतो. आपल्याकडे राहिली आहे ती शेवटची पायरी, राज्याच्या निधीपासून फाट्यापर्यंतची.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. गावाला दंडाची चटक लागली तर? अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मॅक्स क्रीक या लहानशा गावाचा कारभार वेगाच्या दंडावर इतका विसंबून होता, की १९९५ मध्ये राज्याला कायदा करून अशा कमाईवर मर्यादा घालावी लागली. म्हणून चालान करणारा आणि पैसा मिळणारा हे वेगवेगळेच असले पाहिजेत. वाटा ठरावा तो अपघातांच्या नोंदीवरून, किती चालानं फाडली त्यावरून नव्हे. आणि हा पैसा सभामंडपाला किंवा कमानीला लागता कामा नये. दिवे, सेवा रस्ता, भुयारी मार्ग, बसथांब्याचा निवारा, जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणारी गाडी, एवढीच त्याची यादी असावी.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने वर्षातून एकदा प्रत्येक फाट्यावर फलक लावावा. इथे अपघात किती झाले, दंड किती जमला, त्यातून काय बांधलं, हे त्यावर लिहावं आणि ग्रामसभेत वाचून दाखवावं. जमेचा आकडा दरवर्षी घटत गेला पाहिजे, हेच या निधीचं उद्दिष्ट. तो आटला तर गावाचं काही बिघडत नाही. दंड भरणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला हे कळेल, आणि रस्त्याकाठच्या माणसाला आपला जीव सरकारच्या हिशेबात धरलेला आहे, हे दिसेल. वऱ्हाडाने एवढं मागणं अवाजवी नाही.